घर घेण्यापूर्वी वास्तूची तपासणी : बेळगाव आणि सीमाभागातील खरेदीदारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात घर विकत घेणारा माणूस साधारणपणे तिघांचे मत घेतो. वकील मालकीची कागदपत्रे तपासतात, कर्ज देणाऱ्या बँकेचे मूल्यांकनकार घराची किंमत काढतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या इच्छेनुसार वास्तुशास्त्राचे जाणकार येऊन दिशा पाहून जातात. तिघांचेही काम आपापल्या जागी योग्य आहे. परंतु गच्चीवर चढून कोबा ठोकून पाहणे, न्हाणीघराखालच्या स्लॅबला कोठे ओल आली आहे ते शोधणे, तुळईच्या टोकाला वाळवी लागली आहे का हे पाहणे यांपैकी कोणाच्याच कामात मोडत नाही. बँकेचा अहवाल तर मुळात बँकेसाठी लिहिलेला असतो. कर्ज थकले तर हे घर विकून ते वसूल होईल का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यात असते. म्हणून कर्ज मंजूर झाले याचा अर्थ घर चांगले आहे असा घेऊ नये. घर राहण्यास सुरक्षित आहे का आणि येत्या काही वर्षांत त्यावर किती खर्च येईल, याचे उत्तर हवे असेल तर वास्तूची स्वतंत्र तपासणी आपण स्वतः, आपल्या खर्चाने करून घेतली पाहिजे.

कायद्याची भूमिकाही खरेदीदाराने समजून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही दिसू शकला नसता असा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. याची दुसरी बाजू अशी की जो दोष पाहिला असता तर दिसला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करण्यास फारशी जागा उरत नाही. भिंतीतील रुंद भेग किंवा स्लॅबमधून डोकावणारी गंजकी सळई खरेदीपत्र झाल्यावर दिसली, तर तो खर्च बहुधा आपलाच ठरतो.

तपासणी केव्हा करावी

संचकार, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, देण्यापूर्वी. आपल्याकडे घर पसंत पडले की शब्द पक्का करण्यासाठी लगेच रक्कम हातावर ठेवण्याची पद्धत आहे आणि एजंटही दुसरे गिऱ्हाईक येऊन बसले आहे असे सांगून घाई करतात. एकदा मोठी रक्कम अडकली की तपासणीत काहीही निघाले तरी माणूस स्वतःची समजूत घालून घेतो. काही कारणाने आधी संचकार द्यावाच लागला तर रक्कम लहान ठेवावी आणि करारपत्रात स्पष्ट लिहून घ्यावे की ठरावीक मुदतीत खरेदीदार अभियंत्याकडून वास्तूची तपासणी करून घेईल, विक्रेता त्यासाठी घर, गच्ची, टाक्या आणि वीज-पाणी उपलब्ध करून देईल, आणि अहवालात गंभीर दोष आढळल्यास संचकार पूर्ण परत मिळेल. ‘गंभीर दोष’ म्हणजे काय, दुरुस्तीचा खर्च किती रकमेपुढे गेला की व्यवहार मोडण्याचा हक्क राहील, हेही त्यात नमूद करावे. करारपत्र कन्नडमध्ये होणार असेल आणि आपल्याला कन्नड वाचता येत नसेल, तर सही करण्यापूर्वी ते आपल्या विश्वासातील जाणकाराकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्यावे. विक्रेत्याने किंवा एजंटने सांगितलेल्या गोषवाऱ्यावर विसंबू नये.

ऋतूचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे आणि तो आपल्या भागात फारसा कोणी करत नाही. घरे पाहण्याचा हंगाम आपल्याकडे गुढीपाडवा ते अक्षय तृतीया असा, म्हणजे ऐन उन्हाळ्यात असतो. त्या दिवसांत बेळगावातील प्रत्येक घर कोरडे आणि धडधाकट दिसते. खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते, आणि पाऊस सरल्यावर दसरा-दिवाळीच्या रंगात तिच्या सगळ्या खुणा झाकल्या जातात. शक्य असेल तर घर एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, सलग दोन-तीन दिवस पाऊस लागल्यानंतर पाहावे. उन्हाळ्यातच निर्णय घ्यावा लागणार असेल तर ओलीचे मागे राहिलेले पुरावे शोधावे लागतात. कपाटामागील आणि जिन्याखालील भिंत, खिडकीच्या सज्जाखालील कोपरा, दाराच्या चौकटीचा तळाचा वीतभर भाग, स्विचबोर्डाचे गंजलेले स्क्रू, स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या प्लायवूडची फुगलेली कड या जागा रंगारी सहसा विसरतो. सगळे घर जुन्या रंगात असताना एकाच भिंतीला ताजा रंग दिलेला दिसला तर त्याचे कारण विचारावे.

तपासणी कोणाकडून करावी

घर तपासणाऱ्यांसाठी वेगळा सरकारी परवाना भारतात नाही. त्यामुळे ‘होम इन्स्पेक्शन’ अशी पाटी लावणाऱ्याची पात्रता आपणच विचारली पाहिजे. आरसीसी इमारतीसाठी संरचना अभियंता, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, हा योग्य माणूस. जुन्या मातीच्या किंवा लाकडी माडीच्या घरासाठी मात्र अशा बांधकामाची प्रत्यक्ष दुरुस्ती केलेला अभियंता आणि त्याच्यासोबत एखादा जुना सुतार किंवा गवंडी असल्यास उत्तम. कारण नव्या पदवीधरांपैकी अनेकांनी तुळई आणि कडीपाटाचे काम हाताळलेले नसते. बेळगाव हे अभियांत्रिकी शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथेच आहे आणि शहरात अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. त्यांच्या स्थापत्य विभागांत चौकशी केल्यास योग्य माणसापर्यंत पोहोचता येते.

तपासणारा माणूस एजंटने सुचवलेला नसावा, त्या इमारतीच्या बांधकामाशी त्याचा संबंध आलेला नसावा, आणि दुरुस्तीचे कंत्राट त्यालाच मिळणार नसावे. जो दुरुस्तीतून कमावणार आहे त्याला दोष जास्त दिसतात, आणि ज्याची दलाली व्यवहारावर अवलंबून आहे त्याला ते दिसतच नाहीत. फी आधी ठरवावी आणि त्यात काय काय येते ते लिहून घ्यावे: गच्ची व टाक्यांसह प्रत्येक खोलीची पाहणी, छायाचित्रांसह लेखी अहवाल, प्रत्येक दोषाचे संभाव्य कारण, तातडी आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च. तोंडी ‘घर चांगले आहे, घ्यायला हरकत नाही’ एवढ्यासाठी फी देऊ नये. तपासणीच्या वेळी आपण स्वतः हजर राहावे. अहवालातील एका वाक्याचे गांभीर्य प्रत्यक्ष भिंतीसमोर उभे राहून ऐकल्यावर नीट कळते.

जमीन आणि परिसर

घराची तपासणी घराबाहेर सुरू होते, आणि आपल्या भागात तर जमिनीपासूनच. जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे जांभा आणि तांबडी माती, पूर्वेला व उत्तरेला काळी माती, अशी साधारण विभागणी आहे. बेळगाव शहर या दोहोंच्या सीमेवर वसले आहे. जांभ्याच्या जमिनीवर पायाचा त्रास तुलनेने कमी, पण तिकडे पाऊस प्रचंड. काळ्या मातीचे उलट आहे: ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. हा फुगण्या-आकसण्याचा परिणाम जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत जाणवतो. त्या मातीवर उथळ पाया घालून घर बांधले असेल तर ते दरवर्षी थोडे उचलले जाते आणि थोडे खचते, आणि त्याच्या भिंतींना दरवर्षी त्याच जागी भेगा पडतात.

म्हणून विक्रेत्याला विचारावे की पाया किती खोल नेला, मुरूम किंवा खडक लागला का, काळी माती काढून मुरूम भरला का, जमिनीलगत प्लिंथ बीम आहे का. बांधकामाच्या वेळची छायाचित्रे आणि नकाशे मागावेत. ज्याने घर काळजीपूर्वक बांधले आहे तो ते आवडीने दाखवतो. शेजारच्या चार घरांच्या कुंपणभिंती पाहणे हा उपयोगी मार्ग आहे. कुंपणाचा पाया नेहमीच उथळ असतो, त्यामुळे जमीन हलत असेल तर ती आधी तेथे दिसते.

बेळगावच्या दक्षिण आणि पूर्व बाजूस शहापूर, वडगाव, येळ्ळूर, हलगा या शिवारांतील भातशेतीच्या कडेने वस्ती वाढत गेली आहे. भातशेती होते याचा अर्थच तेथे पाणी साचून राहते. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात त्या शिवारात पसरते हे तेथील प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, आणि त्यालाच विचारलेले बरे. ऑगस्ट २०१९ मध्ये जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांच्या काठी मोठी हानी झाली. निपाणी-चिकोडीकडे नदीकाठच्या गावात किंवा शहरात नाल्यालगत घर घेत असाल तर शेजाऱ्यांना एकच नेमका प्रश्न विचारावा: २०१९ मध्ये पाणी कोठपर्यंत आले होते? लोक हाताने भिंतीवरची उंची दाखवतात. त्या पुरात बुडालेले घर नाकारावेच असे नाही, पण त्याच्या भिंतींचा तळ, फरशीखालचा भराव आणि वीजजोडणी यांची तपासणी दुप्पट काळजीने करावी. तसेच रस्त्याची पातळी घराच्या जोत्यापेक्षा वर गेली आहे का ते पाहावे. दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा किंवा काँक्रिटचा नवा थर चढतो आणि जुनी घरे हळूहळू खड्ड्यात जातात. मग गटार तुंबले की पाणी सरळ उंबऱ्याच्या आत येते.

भेगा वाचण्याची रीत

भेगा पाहून घाबरून जाऊ नये आणि त्यांच्याकडे दुर्लक्षही करू नये. एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीची भेग बारीक, एक ते दोन मिलिमीटरची मध्यम आणि दोनपेक्षा जास्त असलेली रुंद समजली जाते. गिलाव्यावरील जाळीसारख्या केसभर भेगा बहुधा गिलावा लवकर वाळल्यामुळे किंवा त्याला पुरेसे पाणी न मारल्यामुळे पडलेल्या असतात. भिंत आणि बीम जेथे मिळतात तेथील सरळ आडवी भेग पुष्कळ घरांत असते आणि ती बहुधा दोन वेगळ्या सामग्रींच्या आकुंचनाची असते. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर जाणारी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी आणि एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती होत जाणारी भेग मात्र पाया खचल्याचे सांगते. अशी भेग बाहेरच्या बाजूनेही त्याच जागी दिसली तर ती भिंतीच्या आरपार आहे. दार-खिडक्या मिटताना चौकटीला घासतात का आणि फरशीवर ठेवलेली गोटी एका बाजूला घरंगळत जाते का, हेही त्याच चौकशीचे भाग आहेत.

भेग जुनी व स्थिर आहे की अजून वाढते आहे, हे एका भेटीत सांगता येत नाही. अभियंता तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवून तारीख लिहून ठेवतो. काही आठवड्यांनी पट्टी तडकली तर भेग चालती आहे हे सिद्ध होते. व्यवहाराला दोन महिने लागणार असतील तर हा उपाय जवळजवळ फुकट आहे, आणि विक्रेत्यानेही त्याला नकार देण्याचे कारण नाही.

कॉलम आणि बीमवरील उभ्या-आडव्या, सळईच्या रेषेत जाणाऱ्या भेगा ही वेगळी आणि गंभीर बाब आहे. लोखंड गंजले की गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, आतून काँक्रिटला ढकलतो, आणि मग वरचे आवरण पोपडा सुटल्यासारखे निखळते. स्लॅबच्या खालच्या बाजूस तांबूस डाग, फुगवटा किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तेथे थांबून चाचण्या कराव्यात. रिबाउंड हॅमरची चाचणी स्वस्त आणि झटपट होते, पण ती फक्त पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते. जुन्या काँक्रिटचा पृष्ठभाग हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे उलट अधिक कठीण होत असल्याने एकट्या या आकड्यावर विश्वास ठेवू नये. तिच्या जोडीला अल्ट्रासोनिक चाचणी घ्यावी. तीत ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली आला तर काँक्रिटच्या दर्जाबद्दल गंभीर शंका घ्यावी. काँक्रिटचा ताजा तुटलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण टाकले असता तो गुलाबी झाला तर आतील सळईचे संरक्षण शाबूत आहे, आणि रंग आलाच नाही तर ते संपले आहे, असे समजतात. दहा-बारा वर्षांच्या निरोगी दिसणाऱ्या घरासाठी या चाचण्यांची गरज नसते. वीस-पंचवीस वर्षांपुढील इमारतीत, विशेषतः वर आणखी एक मजला चढवण्याचा विचार असेल, तर त्या टाळू नयेत. भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव तिसऱ्या विभागात येते, हेही मजला वाढवताना अभियंत्याला लक्षात घ्यावे लागते.

जुनी घरे : माती, लाकूड आणि कौले

शहापूर, वडगाव, खडेबाजार, अनगोळ येथील आणि तालुक्यांच्या गावांतील जुनी घरे घेणाऱ्यांसाठी हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण या घरांची तपासणी सर्वांत कमी होते आणि धोका सर्वांत जास्त असतो. खाली दगडी जोते, वर मातीच्या कच्च्या विटांच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर कडीपाटाची माडी आणि कौलारू छप्पर, अशी त्यांची रचना असते. नीट राखलेली असतील तर ही घरे शंभर वर्षेही टिकतात. त्यांचा घात पाणी करते, आणि पुष्कळदा नंतर केलेली सुधारणा करते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. वरून भिंत गुळगुळीत आणि नवी दिसते, पण आत तिचा तळ भिजून भुसभुशीत होत जातो. म्हणून अशा भिंतीच्या तळाशी, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत, लाकडी हातोडीने हलकेच ठोकत जावे. बद्द आवाज, फुगलेला गिलावा आणि पांढरा लोणा या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर तेथील गिलावा थोडा काढून दाखवण्याची विनंती करावी. २०१९ च्या पावसात जिल्ह्यात असंख्य मातीची घरे पडली.

तुळयांची तपासणी त्यांच्या टोकांना करावी, कारण भिंतीत रुतलेले टोक कुजते आणि मधला भाग ठणठणीत दिसत राहतो. टोकाशी टोचा खुपसून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड संपले आहे. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबाच्या मागील बाजूस, माळ्यावर आणि देवघराच्या चौकटीमागे शोधाव्यात. कौलारू छपरासाठी दिवसा माळ्यावर चढून दिवे बंद करावेत. जेथून उजेड दिसतो तेथून पाणी येते. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात, जोरदार पाऊस आणि माकडांच्या उड्या या दोन्हींमुळे, कौले फिरवून घेणे हा वार्षिक खर्चच धरावा, आणि तो खर्च कौलांपेक्षा खालच्या रिपा व वासे कोणत्या स्थितीत आहेत यावर ठरतो.

शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या वस्तीत आणखी एक गोष्ट विचारावी: या घरात पूर्वी माग होता का? हातमागाच्या खड्ड्यात केलेला भराव नीट धुमसलेला नसेल तर वरची फरशी तेथेच खचते. यंत्रमाग चाललेल्या घरात वर्षानुवर्षे बसलेल्या हादऱ्यांनी भिंतींचे सांधे सैल झालेले असू शकतात आणि जुनी थ्री-फेजची वायर अजून भिंतीत राहिलेली असते. गल्लीतील घरांच्या भिंती बहुधा सामाईक असतात. सामाईक भिंतीवर कोणाची तुळई टेकली आहे, शेजाऱ्याचे पागोळ्यांचे पाणी कोणाच्या बाजूला पडते, आणि शेजारी घर पाडून नवे बांधणार आहे का, हे शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. त्याने पाया खोदताना आपली भिंत उघडी पडते, आणि तो वाद खरेदीनंतर वारसाहक्काने मिळाल्यासारखा आपल्याकडे येतो.

गच्ची, पाणी, सांडपाणी

आरसीसी घरात गळतीचे मूळ बहुतेक वेळा गच्ची असते. पॅरापेट भिंत (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यातील गोलाई तडकली आहे का, पावसाच्या नळ्यांची तोंडे पुरेशी मोठी आहेत का, आणि उतार त्यांच्याच दिशेने आहे का ते पाहावे. शंका असेल तर नळ्यांची तोंडे बंद करून गच्चीवर चार बोटे पाणी किमान २४ तास साठवावे आणि खालचे छत पाहावे. न्हाणीघर व संडासासाठीही हीच चाचणी करता येते. गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली असेल तर ती उन्हासाठी घातली की गळती थांबेना म्हणून, हे विचारावे.

बेळगावात राकसकोप आणि हिडकल येथून पाणी येते. काही भागांत चोवीस तास पाणी आहे, पण अनेक भागांत ते दिवसांच्या अंतराने येते. म्हणून प्रत्येक घरात जमिनीखाली मोठी टाकी असते. ही टाकी रात्री भरून, सर्व व्हॉल्व्ह बंद करून, पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाहावी. पातळी उतरली तर टाकी गळते, आणि जी टाकी पाणी बाहेर सोडते तीच पावसाळ्यात बाहेरचे घाण पाणी आत घेते. टाकीपासून संडासाची वाहिनी आणि शोषखड्डा किती अंतरावर आहेत ते मोजावे. विहीर किंवा बोअर असेल तर शोषखड्डा त्यापासून निदान १५ ते १८ मीटर दूर हवा. लहान प्लॉटवर हे अंतर बहुधा मिळत नाही, आणि मग त्या पाण्याचा पिण्यासाठी विचार करू नये. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालते. ई-कोलाय जिवाणू मात्र १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. नव्या वसाहतीत भुयारी गटार खरोखर जोडलेली आहे की फक्त चेंबर बांधून ठेवले आहे, हे झाकण उघडून आणि संडासात पाणी सोडून खात्री करावी.

विजेबाबत थोडक्यात: एमसीबीच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंगचा खड्डा कोठे आहे, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग खरोखर पोहोचते का हे वीजतंत्रज्ञाकडून तपासावे. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरील आरआर क्रमांक (वीजजोडणीचा क्रमांक), मंजूर भार आणि थकबाकी पाहून घ्यावी.

कागद आणि प्रत्यक्ष घर यांचा मेळ

मालकी हक्काची छाननी वकिलांची. पण कागदावरचे घर आणि समोरचे घर एकच आहे का, हे अभियंत्यानेच सांगायचे असते. त्याच्या हातात मंजूर नकाशा, परवाना आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट द्यावे. किती मजले मंजूर होते, बाजूंना किती जागा सोडायची होती आणि प्रत्यक्षात किती सोडली, जिना किंवा बाल्कनी रस्त्यावर गेली आहे का, हे त्याने फीत लावून मोजावे. जुन्या बेळगावात सिटी सर्व्हेचा सीटीएस क्रमांक आणि प्रॉपर्टी कार्ड असते, शेतजमिनीवरील वसाहतीत आरएस (रेव्हेन्यू सर्व्हे) क्रमांक. दोन्ही ठिकाणी खरेदीपत्रातील चतुःसीमा जागेवर उभे राहून एकेक दिशेने ताडून पाहाव्यात. जुन्या काही खरेदीपत्रांतील सीमा आता नसलेल्या झाडांनी आणि वारलेल्या शेजाऱ्यांच्या नावांनी सांगितलेल्या असतात, तेथे भूमापन खात्याकडून मोजणी करून घेणेच योग्य.

ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या संगणकीय मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि नमुना ११-अ मिळतो की ११-ब, हे खरेदीपूर्वी विचारावे, कारण ११-ब हा नियमांत पूर्णपणे न बसणाऱ्या मालमत्तेचा असतो. बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आणि एनए (बिगरशेती परवानगी) नसलेल्या गुंठा प्लॉटवरील घर कितीही मजबूत असले तरी पुढे कर्ज, परवाना आणि विक्री या तिन्ही वेळी अडते. कॅम्प भागात जमिनीचे नियम छावणी मंडळाचे आणि वेगळे आहेत. तेथे त्याच विषयातील वकील लागतो. बोजा आहे का हे ईसीवरून, म्हणजे बोजा प्रमाणपत्रावरून, कळते. नमुना १६ म्हणजे त्या काळात नोंद नाही, नमुना १५ म्हणजे नोंदी आहेत. तीही कन्नडमध्ये असते, म्हणून ती वाचून घ्यावी.

नवा फ्लॅट घेताना

नवी इमारत म्हणून तपासणी टाळू नये. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष लेखी कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर प्रकल्पाची नोंदणी आवश्यक असते, आणि ती कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. ताब्याच्या दिवशीच अभियंत्याला घेऊन जावे, दोषांची यादी तारखेसह बिल्डरला द्यावी आणि पोच घ्यावी, म्हणजे पाच वर्षांचा हा हक्क उपयोगात आणता येतो. पहिला पावसाळा सरला की पुन्हा एकदा यादी करावी. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट असेल तर गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च सर्वांनी मिळून करायचा की वरच्यानेच, हे सोसायटीच्या ठरावात आहे का ते पाहावे.

अहवाल हाती आल्यावर

अहवालातील दोष तीन भागांत वाटून घ्यावेत. पाया, कॉलम, चालती भेग, कुजलेली मुख्य तुळई हे व्यवहार थांबवण्याजोगे दोष; गच्चीचा कोबा, वीजजोडणी, टाकीची गळती हे किंमत कमी करण्याजोगे; आणि रंग, फरशी, नळ हे सोडून देण्याजोगे. विक्रेत्यासमोर तिन्हींची एकच लांबलचक यादी वाचल्यास तो चिडतो आणि बोलणी तुटतात. मधल्या भागाचाच दुरुस्तीचा अंदाज दोन ठेकेदारांकडून लेखी घ्यावा आणि तेवढी रक्कम कमी करण्याची विनंती करावी. विक्रेत्याने स्वतः दुरुस्ती करून देतो असे सांगितले तर माझे मत असे आहे की रक्कम कमी करून घेणे बरे. घर विकून जाणारा माणूस कोब्याचे काम आपल्याइतक्या काळजीने करून घेणार नाही. पहिल्या भागातील एकही दोष निघाला तर किंमत कितीही उतरली तरी दुसऱ्या अभियंत्याचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नोंदणीच्या दिवशी उपनिबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी सकाळी घरात शेवटची फेरी मारावी. करारात सोडण्याचे ठरलेले पंखे, पंप, टाक्या आणि दारे जागेवर आहेत का ते पाहावे, वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून त्यांचे छायाचित्र घ्यावे, आणि मंजूर नकाशाची मूळ प्रत, बांधकामाची छायाचित्रे, पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्या भिंतीतून कोठून गेल्या आहेत याचा कच्चा आराखडा हे सर्व विक्रेत्याकडून त्याच वेळी मागून घ्यावे. नंतर ते मिळत नाही.